तलासरीचा चढ आणि मुशीचं तेल

लग्नात बायकोला माहेरून आलेल्या आरशाची काच मी चौकटीतून सोडवली, ओटीवर आडवी टाकली आणि तिच्यावर मोटरसायकलचं हेड घासायला बसलो, तेव्हा ती स्वयंपाकघरातून बाहेर आली. रडली नाही, ओरडली नाही. दाराला टेकून उभी राहिली आणि तिने एवढंच विचारलं, "अहो, हे काय आहे?"

"काँप्रेशन," मी म्हणालो.

ती आत गेली. त्या दिवशी मला जेवण वाढलं, पण वाढताना माझ्याकडे नाही, माझ्या ताटाकडेही नाही, भिंतीवरच्या रिकाम्या चौकटीकडे बघत वाढलं. शहाण्या माणसाला तेवढ्यानं कळलं असतं. मी तेव्हा तिशीत होतो आणि माझ्याकडे मोटरसायकल होती. ही दोन कारणं एकत्र आली की शहाणपणाला घरात जागा उरत नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी डहाणूत बर्फाच्या कारखान्यात कामाला होतो. आमचं मूळ घर मच्छीमारांचं, पण मला बोट लागायची, म्हणून मी जमिनीवर. दादा, माझा थोरला भाऊ, समुद्रावर. तो तेव्हाच्या चार वर्षं आधी तापाने गेला होता. मागे वहिनी आणि दोन मुली. आम्ही सगळे एकाच घरात होतो, पण वहिनी कोणाच्या जिवावर बसणारी नव्हती. सुके बोंबील, जवळा, सोडे टोपल्यांत भरायचे आणि तलासरीच्या आठवडे बाजारात नेऊन विकायचे, हा तिचा धंदा. तिच्या सासूने केला, मग तिने, आणि पुढे मुली करतील, असं धरलेलं.

त्या बाजाराची एक रीत होती. सुक्या मासळीच्या बायका रस्त्याकडेच्या झाडांखाली एका ओळीत बसत. प्रत्येकीची जागा ठरलेली. कागद नाही, पावती नाही, पण आपलं गोणपाट जिथे पडतं ती आपली जागा. डोंगरातली माणसं भात-नागली घेऊन उतरायच्या आत एक म्हातारा शेतकरी हातात काठी घेऊन ओळीच्या वरच्या टोकापासून खालपर्यंत चालत यायचा. सगळे त्याला बाबा म्हणत. ज्या जागेवर गोणपाट नसेल तिथे तो काठी टेकवून उभा राहायचा, एकदा आजूबाजूला बघायचा आणि पुढे जायचा. लागोपाठ तीन बाजार काठी टेकली की जागा दुसऱ्या बाईची. त्यावर भांडण नाही, रडणं नाही. आणि ओळीत जागा नसलेल्या बाईकडे गिऱ्हाईक येत नाही, कारण डोंगरातल्या घरांना बाईचा चेहरा नाही, जागा माहीत असते. आईने ज्या झाडाखालून जवळा घेतला, त्याच झाडाखालून लेक घेते.

वहिनीच्या जागेवर दोन बाजार काठी टेकून झाली होती. दोन्ही वेळा माझ्यामुळे.

मोटरसायकल लढाईच्या वेळची, लष्कराच्या लिलावातून एका इराणी बागवाल्याने घेतलेली आणि त्याच्या चिकूच्या वाडीत कोंबड्या बसून बसून पांढरी झालेली. पाचशे सीसीचं एकच सिलिंडर, बाजूला साइडकार. साइडकारची बैठक मी काढली आणि तिथे देवदारी फळ्यांची पेटी ठोकली. पेटीत दोन टोपल्या, टोपल्यांच्या मध्ये वहिनी. बसवाल्यांना मासळीची टोपली टपावर घ्यायचं जिवावर यायचं, कंडक्टर नाक मुरडायचा. माझ्या वहिनीने ते का सोसावं? असं मी सगळ्यांना सांगत होतो. खरं सांगायचं तर मला ती गाडी चालवायला एक कारण हवं होतं.

सपाटीवर गाडी छान जायची. मसोली, आशागड, पुढे मोठा रस्ता. पण तलासरीच्या अलीकडे चढ लागला की इंजिन म्हाताऱ्यासारखं खोकायला लागे आणि मध्यावर उभं राही. पहिल्या वेळी वहिनी उतरली, तिने मागून ढकललं. दुसऱ्या वेळी उतरली, टोपली डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "भाऊजी, मी होते पुढे. तुम्ही गाडीला घेऊन या." दोन्ही वेळा ती पोचली तेव्हा बाबांची फेरी होऊन गेली होती.

दुसऱ्या वेळी बाबा स्वतः माझ्याजवळ आले. गाडीभोवती एक फेरा मारला. काठीने टायर दाबून बघितला.

"किती माणसांचं बळ हाय याच्यात?" त्यांनी विचारलं.

"माणसांचं नाही बाबा, घोड्यांचं."

"मंग घोडं कुठं गेलं?" ते म्हणाले, आणि वहिनीकडे वळून आवाज उतरवून म्हणाले, "बाय, आणखी एक बाजार. मंग माझ्या हातात नाय."

एक बाई टोपली घेऊन बाजूला उभी होती. बोर्डीकडची. तिला ओळीत जागा नव्हती. ती वहिनीच्या जागेवर माप घेतल्यासारखी नजर फिरवत होती.

म्हणजे आठ दिवस हातात. मी मिस्त्रींना गाठलं. ते आमच्या बंदरावर बोटींची इंजिनं बघायचे. डोळ्यांना कमी दिसायचं, पण इंजिनावर हात ठेवून सांगायचे की कुठल्या नटाला बरं नाही.

"नवं सामान घ्यायचं नाही," मी आधीच सांगितलं. "आहे त्यातूनच दम काढायचा."

"भाऊ, दम असतोच," मिस्त्री म्हणाले. "त्याच्यावर घाण बसते. माणसाचं तसंच."

त्यांनी हेड उघडलं. हेड म्हणजे इंजिनाचं झाकण. आत बघून मला धक्काच बसला. खडकावर कालवं बसावीत तसा काळा कार्बन थरावर थर बसलेला. पिस्टन आहे की कोळशाची चूल, कळत नव्हतं. तो आम्ही तांब्याच्या पट्टीने खरवडून काढला, लोखंडी नाही, कारण लोखंडाने ओरखडे पडतात. मग व्हॉल्व. त्यांना एमरीची खरखरीत पेस्ट लावायची आणि दोन तळव्यांमध्ये काठी धरून ताक घुसळल्यासारखं फिरवायचं, व्हॉल्व आपल्या जागी गच्च बसेपर्यंत. दोन संध्याकाळी मी ताक केलं. कार्ब्युरेटरचं पेट्रोल सोडणारं जेट काढून रॉकेलमध्ये धुतलं, फुंकलं. ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोचे पॉइंट घासले. टायमिंग मिस्त्रींनी कान लावून केसभर पुढे घेतलं. सायलेन्सरच्या पोटातला भोकांचा पत्रा उपसून काढला. "श्वास कोंडतो," म्हणाले.

आणि मग ते काँप्रेशन. बोटीच्या डिझेल इंजिनात दाब फार मोठा असतो, आणि मिस्त्रींचा विश्वास होता की जगातल्या सगळ्या इंजिनांचं दुखणं एकच, दाब कमी. हेड खालून घासून पातळ केलं की दाब वाढतो. पण घासायला अगदी सपाट जागा लागते, आणि डहाणूत त्या वेळी सगळ्यात सपाट वस्तू माझ्या बायकोची होती.

तीन दिवसांनी आम्ही गाडी जोडली. मी किक मारली. किकने मला परत मारलं. मी म्हणजे अक्षरशः उडालो आणि कुंपणाच्या निवडुंगाशी जाऊन बसलो. मिस्त्री खूश. "दाब आला," म्हणाले.

चौथ्या किकेला इंजिन सुरू झालं आणि शेजारच्या घरातून दोन म्हातारे हात जोडून बाहेर आले. मसोलीपर्यंत एक चक्कर मारली. मी जन्मात असा धक्का खाल्ला नव्हता. तीच गाडी, तोच मी, पण मूठ जरा पिळली की हात खांद्यातून निघून मागे राहील असं वाटे. परत येताना मी एकटाच मोठ्याने हसत होतो. वहिनी ओट्यावर बोंबील निवडत होती. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि तीही हसली. त्या हसण्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला.

इथे आम्ही थांबायला हवं होतं. पण मिस्त्रींना हात आखडता घेऊन काम करायची सवय नव्हती.

"वायरी कोरड्या पडल्यात," म्हणाले. मोटरसायकलवर सगळं वायरींवर चालतं. मुठीपासून कार्ब्युरेटरपर्यंत एक, क्लचची एक, पुढच्या ब्रेकची एक, आणि इंजिन बंद करायला व्हॉल्व उचलतात त्याची एक. नळीतून आत सरकणाऱ्या तारा. त्यांना तेल पाहिजे. बाजारातलं तेल कशाला, म्हणून मिस्त्रींनी बंदरावरून डबा आणला. मुशीचं तेल. मुशी या शार्कच्या जातीच्या माशाच्या काळजाचं, जे आमच्याकडे बोटींना बाहेरून फासतात. त्यात फडकं बुडवून त्यांनी चारही वायरी, वरखाली, प्रेमाने भिजवल्या. मलाही ते पटलं. आमच्या बापजाद्यांनी ज्या तेलावर समुद्र काढला, ते मोटरसायकलला चालणार नाही का? गाडी आम्ही उन्हात उभी केली, तेल नीट मुरावं म्हणून. चार दिवस.

बाजाराच्या दिवशी पहाटे निघालो. मूठ जरा जड लागली. क्लच दाबायला दोन बोटं जास्त लागली. "नवीन काम आहे, बसेल," मी वहिनीला म्हणालो. तिने मांडीवर आपलं गोणपाट घट्ट गुंडाळून दोरीने बांधून ठेवलं होतं. आत बसायचा छोटा पाटही होता. घरून निघताना तिने मुलींना जवळ घेऊन काही तरी सांगितलं होतं. काय, ते मी विचारलं नाही.

आशागड मागे पडलं. मोठा रस्ता लागला. मी मूठ पिळली आणि वारा तोंडात शिरला. पुढे तलासरीची एसटी दिसली. मी तिला मागे टाकली. एसटीला! टपावर टोपल्या होत्या, दारात कंडक्टर होता, आणि त्याने माझ्याकडे बघितलं तसं आजवर कोणी बघितलं नाही. चढ आला. मी मूठ पूर्ण पिळली. गाडी खोकली नाही, थांबली नाही. चढ संपला कधी ते कळलंच नाही.

"वहिनी, बघितलंत!" मी ओरडलो.

चढ संपल्यावर मी मूठ सोडली. गाडीने काही सोडलं नाही.

मूठ उलटी फिरवली. फिरली, पण इंजिनाचा आवाज तसाच. वायर नळीत चिकटली होती आणि कार्ब्युरेटर उघडा तो उघडाच. क्लच दाबला. दांडा मुठीला टेकेना. पुढचा ब्रेक, तोच प्रकार, दगडाला हात घातल्यासारखा. इंजिन बंद करायचा खटका ओढला, तो माझ्याकडे आला आणि तिथेच राहिला, पलीकडे काहीच झालं नाही. मागचा ब्रेक पायाचा, लोखंडी सळीवरचा, तो लागला. त्याने एक लांब आवाज काढला, जळका वास सोडला आणि तो संपला.

मला तेव्हा कळलं. फार उशिरा, पण अगदी लख्ख कळलं. मुशीचं तेल आपण बोटींना कशासाठी फासतो? ते उन्हात वाळतं म्हणून. वाळून डिंकासारखं घट्ट बसतं, लाकडाच्या फटीतून पाणी शिरू देत नाही म्हणून. हे मला पोरवयापासून माहीत. आणि मीच ते सरकायच्या तारांना चोळून चार दिवस उन्हात वाळवलं होतं. त्यावर रस्त्याची धूळ.

"भाऊजी, बाजार आला," वहिनी म्हणाली.

"थांबत नाहीये!"

"काय?"

"गाडी! थांबत नाहीये!"

समोर झाडांची ओळ दिसत होती. गोणपाटं पडायला लागली होती. ओळीच्या वरच्या टोकाला बाबा काठी घेऊन उभे. वहिनीच्या रिकाम्या जागेशी बोर्डीची बाई, टोपली कमरेवर. मी भोंगा दाबला, पण सायलेन्सरच्या त्या आवाजात भोंगा कोणाला ऐकू जाणार? कोंबड्या, माणसं, एक बैलगाडी, सगळं रस्त्याच्या कडेला फेकल्यासारखं झालं. डोक्यात एकच, तिसरा बाजार. जागा गेली. मी घालवली.

तेवढ्यात बाजूच्या पेटीत वहिनी उभी राहिली.

मी जन्मभर तिला हळू चालताना, हळू बोलताना, चुलीशी, टोपलीशी बसलेली पाहिली होती. ती त्या धावत्या पेटीत दोन पाय फाकवून, होडीत उभी राहतात तशी उभी राहिली, एका हाताने माझी मान धरली, आणि आपल्या झाडासमोर आलो त्या क्षणी दुसऱ्या हाताने गोणपाटाचं ते गाठोडं फेकलं. जाळं फेकतात तसं, कमरेतून. मी मागे वळून बघू शकलो नाही. "पडलं," एवढंच ती म्हणाली आणि खाली बसली.

"पेट्रोल," मला तेव्हा सुचलं. वाकून टाकीखालचा कॉक बंद केला. कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्यावर ते जनावर आणखी अर्धा मैल धावलं. मग खोकलं, आणि एकदाचं थांबलं.

वहिनी उतरली. पदर खोचला. एक टोपली डोक्यावर घेतली, दुसरी कमरेवर, आणि बाजाराकडे चालायला लागली. धावली नाही. मी गाडी तिथेच सोडून मागून पळालो. तेवढ्यात समोर बाजाराशी एसटी येऊन थांबली. टपावरच्या टोपल्या उतरल्या, कंडक्टरही उतरला. आम्ही पोचायच्या आत त्या बसमधल्या बायका आपापल्या जागी बसलेल्या होत्या. आरामात, पान लावत.

आणि वहिनीच्या जागेवर बाबा बसले होते. गोणपाट उलगडलेलं नव्हतं, गाठोडं तसंच होतं, त्याच्यावरच बसले होते. काठी आडवी मांडीवर. समोरच्या मिरचीवालीने नंतर सांगितलं की गाठोडं झाडाच्या बुंध्यावर आपटून जागेत पडलं. फेरी करत बाबा तिथे आले, तेव्हा बोर्डीची बाई म्हणाली, "बाबा, गोणपाट आहे, पण बाय कुठं आहे?" बाबांनी रस्त्याच्या टोकाकडे उठलेली धूळ बघितली. "येईल," म्हणाले, आणि बसले. त्यांना उठवायची हिंमत त्या बाजारात कोणाला होती!

वहिनीने टोपल्या उतरवल्या. बाबा उठले, गुडघे धरत. माझ्याकडे बघितलं.

"सापडलं वाटतं घोडं," म्हणाले.

बोर्डीच्या बाईला त्यांनी ओळीच्या खालच्या टोकाला, उन्हात का होईना, दोन हात जागा काढून दिली. मग पुढे गेले.

दुपारी बाजार उतरल्यावर मी वहिनीजवळ बसलो. तिने मला पाणी दिलं.

"वहिनी," मी म्हणालो, "एसटी वेळेवर येते."

"येते की."

"रोज?"

"बाबा बस आल्याशिवाय फेरी संपवत नाहीत. सगळ्यांना माहीत आहे."

"आणि टपावर टोपली?"

"कंडक्टरला ओंजळभर सोडे दिले की टोपली तोच चढवतो." ती उरलेला जवळा चाळत होती. "गाडी यायच्या आधी मी बसनेच येत होते ना?"

येत होती. मी विसरलो होतो. म्हणजे मी तिला ज्यातून वाचवत होतो, तसलं काही नव्हतंच. दोन बाजार गेले ते माझ्या सेवेमुळे, आणि तिसराही जाता जाता राहिला. मला त्या गाडीने दिवसभरात जेवढे धक्के दिले, त्यातला एकही एवढा खोल नव्हता.

"मग बोलला का नाहीत? पहिल्याच दिवशी?"

तिने चाळलेला जवळा टोपलीत ओतला.

"तुमचे दादा गेले आणि तुम्ही घरात बोलणं टाकलंत," ती म्हणाली. "चार वर्षं. जेवायला बसायचात, उठायचात. मग ती गाडी आली आणि तुम्ही ओट्यावर बसून तासतासभर बडबडायला लागलात. काय ते जेट आणि काय ते मॅग्नेटो. मला काही कळत नव्हतं. म्हटलं, बसू. कोणी तरी बसायला पाहिजे ना त्यात."

"पण जागा..."

"तेच," ती म्हणाली. "आज निघताना पोरींना सांगून आले, जागा गेली तर काकाला काही बोलायचं नाही. सांगितलं, पण वाटेत मला ते पटेना. ती जागा माझी एकटीची असती तर वेगळं." तिने चाळणी आपटली. "पुढच्या बाजारापासून मी बसने. तुम्ही गाडी चालवा, बोला, हसा. पण माझ्यासाठी नको."

मी मान डोलावली.

पुढच्या आठवड्यात मी पहाटे बसथांब्यावर गेलो आणि टोपली टपावर चढवली. कंडक्टर तोच होता. त्याने मला ओळखलं आणि मी टपावरून उतरल्यावर ड्रायव्हरच्या जागेपासून लांब जाईपर्यंत माझा दंड सोडला नाही.

आज त्या झाडाखाली थोरली पुतणी बसते. वहिनी घरी असते, गुडघे दुखतात. मी अधूनमधून बाजाराला जातो, बसने. पुतणी मला मागे सावलीत बसवते, चहा मागवते, आणि डोंगरातली कोणी जुनी गिऱ्हाईक बाई माझ्याकडे रोखून बघायला लागली की तिच्या टोपलीत मूठभर जवळा जास्तीचा टाकून म्हणते, "हो, तेच ते गाडीवाले. पण आता गरीब आहेत."